कडूबाच्या नावाचे कुलूप

मित्रांनो, साम्राज्ये तलवारीच्या जोरावर उभी राहतात, असे तुम्हांला शाळेत शिकवतात. ते साफ खोटे आहे. तलवार फार तर साम्राज्य मिळवून देते. ते सांभाळते कुलूप. निजाम आला, निजाम गेला, पण दार लावून घेतल्याशिवाय आजवर कुणीही निवांत झोपलेला नाही. मानवी संस्कृतीचा पाया जर कोणी असेल, तर तो मी आहे.

मी एक जुने अक्षरी कुलूप आहे. माझ्या साम्राज्यात पत्र्याची एक पेटी येते आणि तिच्यात एक सतरंजी, एक गॅसबत्ती आणि ऋतुमानाप्रमाणे झुरळे.

माझा जन्म अलीगढचा. माझ्या पोटात पितळेच्या चार चकत्या एका दांडीत ओवलेल्या आहेत आणि प्रत्येकीच्या कडेवर गोलाकार अक्षरे कोरलेली आहेत. योग्य ती चार अक्षरे एका रेषेत आली की माझी कडी सुटते. मला किल्ली नाही. शब्द हीच किल्ली. शिकलेली माणसे त्याला परवलीचा शब्द म्हणतात. काना, मात्रा, वेलांटी यांतले मला काही येत नाही. माझे शिक्षण साध्या अक्षरांपर्यंतच झाले. पण तेवढ्यावर माझी सबंध नोकरी निभावली. याहून कमी शिकलेली माणसे फार मोठ्या खुर्च्यांवर बसतात, तेव्हा मी लाजायचे कारण नाही.

माझी उमेदीची वर्षे जालन्याला मस्तगडात एका कापूस व्यापाऱ्याच्या दुकानावर गेली. शब्द कुणाला दिसू नये म्हणून शेठजी मला उघडताना अगदी चिकटून उभे राहत. त्यामुळे जालना शहर म्हटले की मला आजही एक मोठे, मऊ, धोतरातले पोट आठवते. शेठजी मला दोन्ही हातांनी ओढून बघत आणि म्हणत, ‘बराबर.’ माझी एवढीच काय ती स्तुती झाली. पुढे दुकान मोडले आणि मी भंगारात गेलो. गंजक्या बिजागऱ्या आणि तळ गेलेले तांबे यांच्या संगतीत, उघड्या कडीनिशी, मी कुंभार पिंपळगावच्या बाजारात एका पोत्यावर पडून असे.

त्या दिवसांची मी तक्रार करणार नाही. कुलपाला खरी झोप उघडे असतानाच लागते. लागलेल्या कुलपाला जागे राहावे लागते. पोत्यावर ऊन येई, सावली येई, म्हशी जात, माणसे भावासाठी भांडत, आणि माझ्या चकत्यांवरची अक्षरे झोपेत आपोआप जुळून कसले कसले शब्द होत. जागा झालो की एकही आठवत नसे.

अशा एका स्वप्नातून मला मालनबाईने उचलले.

मालनबाई वडीगोद्रीच्या अलीकडच्या एका गावची. डांबरी सडक सोडून आत गेले की बौद्धवाडा लागतो. तिथे चुना मारलेला एका खोलीचा विहार आहे आणि त्या विहारात वाड्याच्या सामाईक वस्तूंची पेटी असते. लग्न असो, जयंती असो, सतरंजी आणि गॅसबत्ती त्या पेटीतून निघायची. पेटी पूर्वी अप्पारावांच्या ताब्यात होती. अप्पाराव मोठ्या मनाचे. मागेल त्याला देत, आणि कुणाला दिले ते विसरत. गॅसबत्ती एकदा काचेवाचून परत आली. सतरंजी तर शेवटी दुसऱ्या गावात एका बैलाच्या पाठीवर सापडली. तेव्हा बायकांच्या मंडळाने पेटी मागितली आणि मंडळाची अध्यक्ष म्हणून मालनबाई पुढे झाली.

अप्पाराव हसून म्हणाले होते, “घ्या की. पन ज्या दिशी कुलूप तोडायची पाळी येईल, त्या दिशी पेटी परत माझ्याकडं. बिलकुल बोलायचं न्हाई मंग.”

आता पेटी आली म्हणजे कुलूप आले, आणि कुलूप आले म्हणजे किल्ली. ती कुणाच्या कमरेला असावी, यावरून मंडळ पहिल्याच बैठकीत फुटायला आले. मालनबाईने त्यावर तोडगा काढला, की किल्लीच नको. म्हणून तिने मला निवडले. मी उघडा असताना माझ्या चकत्या काढून निराळ्या बसवता येतात, म्हणजे शब्द बदलतो. असे ठरले, की शब्द दोघींना ठाऊक असावा: एक मालनबाई आणि दुसरी कौसल्या. कौसल्या सातवी झालेली होती आणि संध्याकाळी विहारातच मोठ्या माणसांचा साक्षरता वर्ग घेई.

मालनबाई त्याच वर्गात अक्षरे शिकली होती. एका दुपारी सगळ्यांकडे पाठ करून, जीभ दातांत धरून, तिने माझ्या चकत्या बसवल्या. शब्द जमला, कडी खट्कन लागली आणि मालनबाई लाजली. कुलपाकडे बघून लाजणारी बाई मी जन्मात पहिल्यांदा पाहिली.

कौसल्या अधूनमधून विचारी, “मावशी, शब्द सांगता ना?”

“सांगते की. पळून चाललाय का तो?”

असे करता करता थंडी सरली आणि अंबडला डोळ्यांचे शिबिर लागले. मालनबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू होते. ती म्हणाली, जाऊन येते, अप्पारावाच्या पोरीच्या लग्नाआधी माघारी येते. डॉक्टरांनी डोळे तपासले, एक कापला, दोन्हींवर पट्ट्या बांधल्या आणि सांगितले, की डोके हलवायचे नाही, खोकायचे नाही, आणि आम्ही सोडल्याशिवाय जायचे नाही.

इकडे लग्न परवावर आले. अप्पारावांची पोरगी शिवकन्या. तिची लग्नाची पांढरी साडी तिच्या आईने, दुर्गाबाईने, पेटीत ठेवलेली होती, कारण घरी उंदीर फार. म्हणजे मित्रांनो, पेटी माझ्यामागे, साडी पेटीत, शब्द मालनबाईपाशी आणि मालनबाई अंबडला डोळे बांधून उताणी.

कौसल्या एसटीने अंबडला गेली. मी अर्थातच बरोबर नव्हतो, पण तिने परत येऊन पेटीला टेकून सगळे सांगितले, म्हणून मला ठाऊक. शाळेच्या मोठ्या खोलीत माणसे ओळीने झोपवली होती. सगळ्यांचे डोळे बांधलेले, त्यामुळे सगळ्यांचे कान मोकळे. मालनबाई शक्य तेवढे हळू बोलली, “आमच्या घरच्यांचं नाव हाय.”

कौसल्याला हसूच आले. “एवढंच? मंग इतके दिवस का न्हाई सांगितलं?”

“कसं सांगू? नवऱ्याचं नाव घेऊ का तुझ्यापुढं?”

“लिहून द्यायचं व्हतं.”

“लिहिलं की. कुलपावर लिहिलं.” आणि वर म्हणाली, “तोंडानं घेऊ नाई म्हनत्यात. बोटानं घेऊ नाई असं कोन म्हनलं?”

कौसल्या उठली, तेव्हा मालनबाई पट्टीखालून म्हणाली, की आधी त्यांनाच विचार. कौसल्या म्हणाली, “त्यात इचारायचं काय? साऱ्या गावाला ठाऊक हाय.” आणि परतीची गाडी पकडली.

मालनबाईचा नवरा कडूबा. विहिरी खणायच्या कामावर जाणारा, वाळका, कमी बोलणारा माणूस. कौसल्याने पहिल्या चकतीवर क लावला, दुसरीवर ड, तिसरीवर ब. काना आणि ऊकार मनातल्या मनात धरायचे. चौथी चकती उरली, तर तिच्यावरचे प्रत्येक अक्षर लावून पाहिले. मी काही उघडलो नाही. कसा उघडणार? तो शब्दच नव्हता.

अप्पाराव म्हणाले, “सडलंय कुलूप. भंगारातलं आनलं, दुसरं काय होनार.”

मित्रांनो, कुलपाला शिव्या बसतात. चोर देतात, मालकही देतात. पण काम चोख करत असताना ‘सडलंय’ हे ऐकणे फार कठीण. अप्पारावांनी तिथेच सांगितले, की उद्या सकाळी घण आणतो. पोरीला साडीवाचून उभी करणार नाही. आणि घण पडला की पेटी कुणाची, हे पुन्हा सांगायला लावू नका. पोरीचा बाप चुकीचे बोलत नव्हता, हीच तर अडचण होती.

ही सगळी बोलणी दारात उभ्या कडूबाने ऐकली. शब्द म्हणजे आपले नाव, हे कळले तसा त्याचा चेहरा उतरला. सगळे पांगले, पण तो पेटीशेजारी भिंतीला टेकून बसला. राखण करतो म्हणाला.

ती दुपार मला अजून आठवते. विहारात चुन्याचा थंड वास होता. दारातून उन्हाची एक पट्टी आत येऊन हळूहळू सरकत होती. बाहेर कुठे तरी कुणी बाजरी पाखडत होते. मी लागलेला असतानाही मला पेंग आली. झोपेत अलीगढची भट्टी दिसली, शेठजींचे पोट ढगासारखे वरून गेले, आणि मग कुणी तरी माझ्या कानाशी तोंड आणले. तो कडूबा होता. त्याने इकडे तिकडे पाहिले आणि अगदी हळू, श्वासातल्या श्वासात, मला चार अक्षरे सांगितली.

तीच ती. बरोबर तीच.

तो माझ्याकडे बघत राहिला. माझ्यात बळ असते, तर त्या क्षणी मी उघडलो असतो. पण मित्रांनो, आम्ही ऐकून उघडत नाही. आम्हांला बोट लागते. आणि कडूबा वर्गात कधी आला नव्हता. नाव त्याला ठाऊक होते, पण ते दिसते कसे हे ठाऊक नव्हते. त्याने माझ्यावरून अंगठा फिरवला आणि एक उसासा टाकला.

सकाळी अप्पाराव खरेच घण घेऊन आले. मागे दुर्गाबाई, शिवकन्या, कौसल्या आणि म्हातारी गोजरबाई. अप्पारावांनी पेटी पुढे ओढली. मी डोळे मिटले असते, पण मला डोळे नाहीत.

“थांबा जरा,” कडूबा म्हणाला. “कुलूप सडलेलं न्हाई. नाव चुकलंय.”

“तुमचं नाव चुकलंय?” कौसल्या म्हणाली.

“कडूबा हे माजं खरं नाव न्हाई, पोरी.”

मग तो तुटक तुटक बोलला. त्याच्या आधीची भावंडे जगली नव्हती. हा झाला तेव्हा आईने त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवले आणि शेजारणीने ‘हे कुणाचं पोर’ म्हणत उचलून आणले. नाव ठेवले कडूबा. मरणाने चव घेतली तर थुंकून द्यावे, म्हणून. खरे नाव आईने एकदाच कानात सांगितले, आणि लग्न झाल्यावर सुनेच्या कानात. ते उघड्यावर काढायचे नाही. काढले की मरणाला पत्ता लागतो.

कौसल्याला त्याची कीव आली, पण ती मास्तरीणही होती. “मामा, आपन दीक्षा घेतली. आता असलं काय मानायचं न्हाई.”

“आपन घेतली,” कडूबा म्हणाला. “मरनानं घेतली का? मला तरी कुनी सांगितलं न्हाई.”

अप्पारावांनी घण खाली ठेवला, पण हात काढला नाही.

कौसल्या म्हणाली, मला एकटीला सांगा, मी कुणाला सांगणार नाही. कडूबा मान हलवत म्हणाला, एका जिवंत माणसाला अख्खे नाव कळले, म्हणजे ते उघड्यावर आलेच. त्याची मालन वेगळी. तिला आईने सांगितले होते. शिवकन्येकडे त्याला बघवत नव्हते. त्याने तिला लहानपणी खांद्यावर घेऊन बाजार दाखवला होता, आणि आता तिची साडी त्याच्या नावामागे अडकली होती. बायकांची पेटीही त्याच नावामागे अडकली होती, आणि अंबडला उताणी पडलेल्या त्याच्या बायकोची पतही.

गोजरबाई इतका वेळ तंबाखू मळत होती. तिच्या वाड्यात एकट्याला न पेलणारी कुठलीही गोष्ट आली, की एकच रीत चालत आलेली: सरपण असो, कडबा असो, गावकीचे काम असो, वाटे घालायचे.

“मंग वाटे घाला की नावाचे,” ती म्हणाली. “चार चकत्या हायेत, चौघी बाया हाओत. एकीला एक अक्षर. अख्खं नाव कुनाच्याच घरी जायचं न्हाई.”

मी पुष्कळ व्यापारी, मुनीम आणि एक पोलीस पाटील जवळून पाहिले आहेत. यांच्यापैकी कुणाला हे सुचले असते असे मला वाटत नाही.

कडूबाने बराच विचार केला. मग मान डोलावली. पुरुष म्हणून अप्पारावांना बाहेर काढण्यात आले. ते घण घेऊन गेले, घण तरी घरचा आहे म्हणून.

आधी कौसल्या आत आली, बाकीच्या बाहेर. तिने पहिली नाही, तिसरी चकती धरली. क्रमाने जायचे नाही असे ठरले होते. ती फिरवायची आणि अक्षर वाचायची. कडूबा मान खाली घालून ऐकत होता. त्याला वाचता येत नव्हते, पण नाव काना-मात्रेवाचूनचे, साधे सरळ. अक्षर तोंडातून आले की त्याला ओळखू येई. मध्येच तो म्हणाला, “थांब.” त्या अक्षरावर त्याने लगेच फडक्याची चिंधी गुंडाळली आणि वर आपला तळवा ठेवला. कौसल्या निघून गेली. मग शिवकन्या आली. मग दुर्गाबाई. प्रत्येक वेळी जुनी अक्षरे त्याच्या तळव्याखाली आणि नवी चकती बाईच्या बोटांत.

मला त्या वेळी खरोखर असे वाटले, की मरण दाराबाहेर येऊन बसले आहे. उन्हात, उंबऱ्याला टेकून, कान देऊन. आतून त्याला एकेक अक्षर ऐकू जात होते, तेही उलटसुलट, आणि हजार नको असलेल्या अक्षरांत मिसळलेले. ते जोडायचे तर वर्गात बसायला हवे. मरण काही साक्षरता वर्गात बसलेले नव्हते. मला वाटते, ते कंटाळले.

शेवटी गोजरबाई आली. तिला अजून सगळी अक्षरे येत नव्हती. जी येत ती ती खणखणीत आवाजात वाची आणि जे येत नसे त्याला ‘हे पोटाचं’, ‘हे शेपटीचं’ म्हणे. चकती फिरत होती. मग ती एक अक्षर बोलली, आणि कडूबा थांब म्हणण्याआधीच मी उघडलो.

खट्.

एवढा आवाज मी शेठजींच्या दुकानातही कधी केला नव्हता.

कडूबाने आधी चकत्या विस्कटल्या, आणि मग छातीवर हात ठेवून बघितले. धडधड चालू होती. शिवकन्येने आत येऊन साडी काढली आणि उरी धरली. साडी शाबूत होती, फक्त गॅसबत्तीशेजारी राहिल्याने तिला रॉकेलचा वास लागला होता. दुसऱ्या दिवशी लग्नात नवरीजवळ कुणी बिडी घेऊन गेले नाही. भन्तेजी म्हणाले, इतके निर्व्यसनी लग्न त्यांनी पाहिले नाही.

अप्पारावांनी तो घण मांडवाच्या मेखा ठोकायला वापरला. पेटीबद्दल ते पुन्हा बोलले नाहीत. फक्त त्या रात्री जेवताना त्यांनी बायकोला सहज विचारले म्हणे, की तुझ्या वाट्याला कोणते अक्षर आले. दुर्गाबाई म्हणाली, “जे तुमच्या नावात न्हाई ते.” ते खरे की खोटे, हे मी सांगणार नाही.

मालनबाई डोळ्यांवर हिरवी झापड लावून परत आली. तिला सगळे कळले, पण ती कडूबाला काही बोलली नाही. पेटीशी बसली, मला उघडले आणि शब्द बदलला. या वेळी जो शब्द बसवला, तो लगेच कौसल्याच्या कानात सांगितला, म्हणजे तो तोंडाने घेण्यासारखा साधाच होता. जुने नाव तिने माझ्यातून काढून परत आपल्याकडे ठेवले.

कडूबा मात्र त्यानंतर वर्गात येऊ लागला. म्हाताऱ्या हाताने पाटीवर रेघा काढी, चुकल्या की थुंकी लावून पुसे. चैत्रात, एकदा दुपारी, विहारात कुणी नव्हते. तो माझ्यासमोर बसला आणि एकेक चकती सावकाश फिरवत त्याने आपले नाव माझ्यावर लावले. पहिल्यांदाच त्याने ते डोळ्यांनी पाहिले. मी उघडलो नाही. तो आता माझा शब्द नव्हता. त्यालाही मी उघडायला नको होतो. उन्हाची पट्टी सरकत पेटीवर चढेपर्यंत तो त्या चार अक्षरांकडे बघत बसला, जसे आपण फार वर्षांनी भेटलेल्या माणसाकडे बघतो. मग इकडे तिकडे पाहून त्याने ती विस्कटली आणि बाहेर जाऊन तोंड धुतले.

मित्रांनो, ते नाव मला ठाऊक आहे. माझ्या पितळेत ते आहे, आणि मी वितळेपर्यंत तिथेच राहील. चोराने, पंचाने, तहसीलदाराने, खुद्द मरणाने विचारले तरी मी ते सांगणार नाही. तुमच्याही हाती कुणी आपले नाव, गुपित, विश्वास ठेवला, तर तो असाच जपा. एखादी गोष्ट एकट्याला पेलत नसेल, तर वाटे घाला, पण घण मारू नका. माझ्या साऱ्या आयुष्याचे सार एवढेच.

आणि हो, विहारात खेळायला येता तेव्हा गुळाच्या हातांनी माझ्या चकत्या फिरवू नका. मुंग्या लागतात, आणि मुंग्यांना परवलीचा शब्द लागत नाही.